पाणी कुठून यायचं?

इस्तंबूलच्या आया सोफिया या पुरातन वास्तूतून बाहेर पडून आम्ही चौकातल्या बाकावर टेकलो होतो. आईनं बूट सैल केले, घोटे चोळले, बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायली आणि उरलेलं किती आहे ते हलवून बघितलं. मग समोरच्या घुमटाकडं बघत म्हणाली, "बाकी सगळं खरं, पण एवढ्या माणसांना पाणी कुठून यायचं गं? तिन्ही बाजूंना तर खारं पाणी."

मी तिचा प्रश्न इंग्रजीतून गाइडबाईंना सांगितला. त्यांच्या मांडीवर नकाशा उघडा होता आणि पुढचं ठिकाण ठरलेलं होतं, तोपकापी राजवाडा. त्यांनी नकाशाची घडी घातली, ती पर्समध्ये टाकली आणि सरळ आईलाच विचारलं, "तेय्झे, राजवाडा बघायचा की पाणी?"

तेय्झे म्हणजे मावशी. आईची बहीण, अगदी तेच नातं. तुर्कीत वयानं मोठ्या अनोळखी बाईलाही तीच हाक मारतात. प्रश्नाचा अर्थ कळल्यावर आई क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "पाणी."

इस्तंबूलला जाऊन तोपकापी सोडलं, असं कुणाला सांगितलं की समोरचा हळहळतो. आम्ही ते अगदीच सोडलं नाही. दोन दिवसांनी गेलो, तिथलं ऑडिओ यंत्र कानाला लावून आमच्या चालीनं बघितलं. पण त्या सकाळी त्या बाईंनी घडी घातलेला नकाशा माझ्या मनातून जात नाही. अनोळखी शहरात स्वतःपुरता गाइड घेण्याबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते सगळं त्या घडीत आहे.

इस्तंबूल मी आधी एकदा पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे त्यातून गेले होते. चाळीस जणांचा ग्रुप, पुढं उंच धरलेली छत्री, प्रत्येकाच्या कानात एक यंत्र. आया सोफियाला पस्तीस मिनिटं मिळाली. जमिनीखालच्या त्या प्रसिद्ध पाण्याच्या टाकीत पंधरा. आणि गालिच्यांच्या दुकानात दोन तास. सफरचंदाचा चहा आला, गालिचे एकामागून एक उलगडले गेले, दार बंद होतं आणि उठून जाणं बरं दिसेना. आमच्यातल्या एका काकांनी शेवटी संकोचापोटी एक छोटा गालिचा घेतला. रात्री जेवताना ते गप्प होते. मला त्या दुकानदाराचा राग आला नाही, त्याचा तो धंदाच आहे. राग आला तो माझे दोन तास परस्पर विकले गेले याचा. ते पस्तीस मिनिटांना जोडले असते तर मी घुमटाखाली नुसती बसून राहिले असते.

या वेळी आई सोबत होती. वय एकाहत्तर, उजवा गुडघा कुरकुरणारा. भूमी अभिलेख कार्यालयात तिची बत्तीस वर्षं नोकरी झाली. नकाशे, हद्दी, मोजणीच्या खुणा हे सगळं अजून बोटांवर. ग्रुपबरोबर तिची ओढाताण झाली असती. म्हणून ठरवलं, पहिल्या दिवशी फक्त आमच्यासाठी एक माणूस घ्यायचा, बाकीचे दिवस आपले आपण. पैशाचा विचार आलाच. एका माणसाच्या अख्ख्या दिवसाचे पैसे दोघींनी द्यायचे, वर तिकिटं, टॅक्सी, जेवण वेगळं. खिशाला जाणवतंच. आईला तर ते अवघडच वाटलं. "आपल्या दोघींसाठी एक माणूस दिवसभर राबवायचा?" असं तिनं दोनदा विचारलं.

तुर्कस्तानात मनात आलं म्हणून कुणी गाइड होऊ शकत नाही. २०१२ साली त्यासाठी वेगळा कायदा झाला. संस्कृती आणि पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो, तो भाषेनुसार मिळतो, आणि काम करताना ओळखपत्र गळ्यात दिसेल असं घालावं लागतं. त्याला तिथं कोकार्त म्हणतात. दिवसाचा किमान दरही मंत्रालयच दर वर्षी जाहीर करतं, त्यामुळं फार स्वस्तात कुणी तयार झालं तर तिथंच सावध व्हावं. ती तूट कुठून तरी भरून काढली जाणार असते, आणि बहुधा ती दुकानातून निघते. गिऱ्हाईक आणून देण्याच्या या दलालीला त्यांच्या धंद्यात हनुत असा शब्द आहे. तो मला आमच्या बाईंनीच सांगितला, आणि सांगताना त्यांचा चेहरा कडू झाला.

मी तीन-चार जणांना पत्रं लिहिली. बहुतेकांकडून ठिकाणांची लांबलचक यादी आली, तासांसकट. या बाईंच्या उत्तरात यादी नव्हती, उलटे प्रश्न होते. आई किती पायऱ्या चढतात? उतरताना त्रास होतो की चढताना? सकाळी किती वाजता त्यांना तरतरी असते? दुपारी आडवं व्हायची सवय आहे का? त्यांनी आयुष्यभर काय काम केलं? शेवटचा प्रश्न वाचून मी चमकले. नोकरीचं काय कारण, असं वाटलं. तरी लिहून टाकलं, जमिनीच्या नोंदी आणि मोजणी. त्यांचं उत्तर आलं, "छान. मग त्यांना एक दगड दाखवायचा आहे."

सकाळी नऊला त्या हॉटेलच्या दारात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, कापलेले पांढरे केस, पायात जुने पण भक्कम बूट. आया सोफियात परदेशी पाहुण्यांना २५ युरोंचं तिकीट काढून वरच्या सज्जात जाता येतं, खालचा भाग नमाजासाठी. वर जायला पायऱ्या कमी आणि दगडी चढण जास्त, हे त्यांना माहीत होतं म्हणूनच आईला तिथं आणलं होतं. गुळगुळीत झालेल्या दगडांवरून आई भिंतीला हात लावत चढली. वर पोचल्यावर गाइडबाई काहीच बोलल्या नाहीत. एका जागी नेऊन उभं केलं आणि स्वतः चार पावलं मागं सरकल्या. मी वाट बघत होते, आता सांगतील, मग सांगतील. पाचेक मिनिटांनी आईच म्हणाली, "हा तरंगतोय."

तेव्हा त्या बोलायला लागल्या. ५३२ साली काम सुरू झालं आणि ५३७ साली संपलं. घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर. त्याच्या पायाशी गोलाकार ओळीनं खिडक्या, चाळीस. त्यांतून उजेड येतो म्हणून घुमट भिंतीपासून सुटल्यासारखा दिसतो. आणि पहिला घुमट ५५८ साली कोसळला, आता आहे तो त्यानंतर जास्त उंच बांधलेला. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. मागच्या खेपेला यंत्रातून ऐकलंही होतं. पण तेव्हा आकडे आधी आले आणि घुमट नंतर. या वेळी घुमट आधी दिसला आणि मग आकड्यांना बसायला जागा मिळाली.

सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर त्यांनी एक ओरखडा दाखवला. तुर्कांच्या आधी इथं राज्य करणाऱ्या बायझंटाइन सम्राटाच्या पदरी उत्तरेकडचे व्हायकिंग शिपाई असत, त्यांतल्या कुणीतरी आपल्या लिपीत कोरलेलं नाव. हाल्फदान एवढंच आज वाचता येतं. आईनं वाकून बघितलं. "पहाऱ्यावर कंटाळला असेल बिचारा," म्हणाली. त्या कठड्यापाशी इतकी माणसं येत-जात होती, पण कुणी थांबत नव्हतं. तो ओरखडा आहे तरी कुठं हे कळल्याशिवाय थांबणार तरी कसं?

त्यानंतर तो बाक, आणि आईचा प्रश्न.

ज्या दगडासाठी त्यांनी आईला इथवर आणलं होतं, तो रस्ता ओलांडल्यावर लगेच होता, ट्रामच्या रुळांशेजारी. एका खड्ड्यात उभा असलेला झिजका, तुटका खांबासारखा तुकडा. मिलियोन. बायझंटाइन साम्राज्यात सगळ्या रस्त्यांची अंतरं इथून मोजत. शून्याचा दगड. आई कठड्याला धरून कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिली. बत्तीस वर्षं ज्या बाईनं मोजणीच्या खुणा जपल्या, तिला शून्य भेटलं होतं. ती काही बोलली नाही, पण पिशवीतून चष्मा काढून लावला. एरवी ती तो फक्त वाचायला लावते.

"आता मागं बघा," गाइडबाई म्हणाल्या. दगडाला लागूनच विटांचा-दगडांचा एक जाडजूड मनोरा उभा होता. मागच्या खेपेला मी त्याच्याजवळून नक्की गेले असणार, पण आठवणीत त्याचा मागमूस नाही. "सू तेराझिसी," त्या म्हणाल्या. सू म्हणजे पाणी. आणि तेराझी?

"तराजू," आई म्हणाली. कुणी अर्थ सांगायच्या आत.

पाण्याचा तराजू. उंचावरून नळातून आलेलं पाणी अशा मनोऱ्यात वर चढवायचं, माथ्यावरच्या हौदात मोकळं करायचं आणि दुसऱ्या नळानं पुन्हा खाली सोडायचं. नळातला दाब आटोक्यात राहतो, अडकलेली हवा निघून जाते, आणि वरच्या हौदातून वेगवेगळ्या वाटांना पाणी वाटूनही देता येतं. ऐकता ऐकता आईनं माझा दंड धरला. "अगं, हा तर उच्छ्वास!" कात्रजहून शनिवारवाड्याला पाणी आणलं, त्या वाटेवर असेच उच्छ्वास बांधलेले आहेत. मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी 'उच्छ्वास' हा शब्द दोनदा घोकला, अर्थ विचारला आणि वहीत लिहून घेतला. पाण्याला श्वास सोडायला जागा! त्यांना ते फार आवडलं.

इथून पुढं माझी दुभाष्याची नोकरी हळूहळू कमी होत गेली.

शहराचं दुखणं त्यांनी दोन वाक्यांत मांडलं. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये घुसलेलं टोक, संरक्षणाला उत्तम, पण गोडं पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून पाणी दूर थ्रेसच्या डोंगरांतून, शेकडो किलोमीटर लांबीच्या कालव्यांनी आणायचं आणि वेढा पडला तर शत्रू कालवा तोडेल म्हणून जमिनीखाली साठवायचं. या शहराच्या पोटात अशा टाक्याच टाक्या आहेत. सगळ्यांत मोठी मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होती.

येरेबातान. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं बांधून घेतलेली. लांबी सुमारे १३८ मीटर, रुंदी ६५, आणि छत पेलायला ३३६ खांब, बारा रांगांत अठ्ठावीस-अठ्ठावीस. आज तिथं पावलं बुडतील इतकंच पाणी ठेवतात आणि वरून चालायला वाट केलेली आहे. खाली उतरल्यावर ओलसर गारवा अंगावर आला. गर्दी होती. सगळे जण एका कोपऱ्याकडं निघालेले, जिथं दोन खांबांच्या तळाशी ग्रीक पुराणातल्या मेडुसाची दगडी डोकी आहेत, एक उलटं, एक आडवं. आमच्या बाईंनी आधी आम्हांला उलट दिशेला नेलं, भिंतीपाशी. फोनचा उजेड पाडला आणि गिलावा दाखवला.

"याला आम्ही होरासान म्हणतो. चुन्यात विटांची भुकटी. पाणी झिरपू देत नाही."

आईनं बोटाचं टोक भिंतीकडं नेलं आणि न टेकवताच थांबवलं. "सुरखी," ती म्हणाली. तिच्या माहेरच्या आडाला आतून चुना-सुरखीचा गिलावा होता आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तो तांबूस पट्टा उघडा पडायचा. त्या पट्ट्यावरून घरातल्या बायका अंदाज बांधायच्या, अजून किती दिवस निभेल. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. एकाहत्तर वर्षांच्या माझ्या आईकडून, तिच्या माहेरच्या आडाबद्दल, मी पहिल्यांदा ऐकत होते ते परदेशात जमिनीखाली उभी राहून.

मग मेडुसा. बाई म्हणाल्या, "इथं गोष्टी पुष्कळ सांगतात. तिच्या नजरेनं दगड होतो म्हणून उलटी ठेवली वगैरे. मला विचाराल तर खांब तोकडे पडले. जुन्या इमारतींतले दगड आणलेच होते, त्यांतले उंचीला बसले ते लावले." बाकीचे खांबही नीट बघायला लावले. एकाचं डोकं पानाफुलांचं, दुसऱ्याचं साधं. सगळी उसनवारी. वर एवढं भव्य शहर आणि त्याचं पाणी पेलायला खाली मिळेल तो खांब. मला ही गोष्ट मेडुसाच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटली. कोपऱ्यातल्या ग्रुपमध्ये एक गाइड उंच आवाजात नजरेनं दगड होण्याची गोष्ट सांगत होता आणि लोक मन लावून ऐकत होते. मी त्या लोकांना नावं ठेवणार नाही. चार वर्षांपूर्वी त्यांत मी होते.

त्यांनी सांगितलेली आणखी एक हकीकत माझ्या फार जवळची आहे. ही टाकी मधल्या काळात लोक विसरूनच गेले होते. सोळाव्या शतकाच्या मध्याला पेत्रुस गिलियुस नावाचा फ्रेंच अभ्यासक शहरातले जुने अवशेष शोधत हिंडत होता. या भागातली माणसं घराच्या तळाला भोक पाडून त्यातून बादल्या सोडतात आणि पाणी काढतात, कधी मासेही धरतात, हे त्याच्या कानावर आलं. तो एका घरातून खाली उतरला आणि मशालीच्या उजेडात त्याला हे खांबांचं रान दिसलं. त्या घरांतल्या माणसांना पाणी माहीत होतं, पण ते कशातलं पाणी आहे ते माहीत नव्हतं. आणि गिलियुसला पोथ्यांतून माहीत होतं, पण वाट त्या माणसांनीच दाखवली. तुर्कीत गाइडला रेहबेर म्हणतात. आपल्याकडं गाण्यांतून येणारा रहबर तोच. पण मला त्या दिवशी आपला वाटाड्या जास्त आठवत राहिला. वाटाड्याला इतिहास ठाऊक असो नसो, भोक कुठल्या घरात आहे ते त्याला ठाऊक असतं.

दुपारी आईला आडवं व्हायचं होतं. त्या आम्हांला एका छोट्या मशिदीमागच्या चहाच्या बागेत घेऊन गेल्या. तिथल्या लांब बाकावर गाद्या होत्या. आई वीस मिनिटं खरंच झोपली. बाई तेवढा वेळ गप्प बसून चहा पीत होत्या. त्या वीस मिनिटांचेही पैसे मी देत होते, आणि सांगते, दिवसातले ते सगळ्यांत सार्थकी लागलेले पैसे. ग्रुपमधलं म्हातारं माणूस दमलं की त्याला सगळ्यांना थांबवल्याची लाज वाटते. ते लपवतं, पाय ओढत चालतं, आणि संध्याकाळी 'मजा आली' म्हणतं.

उठल्यावर तोपकापीच्या दाराबाहेरचं तिसऱ्या अहमदचं कारंजं. कारंजं म्हणायचं, पण आहे ती पाणपोई, १७२८ सालची, चारही बाजूंनी तोट्या आणि कोपऱ्यांत जाळीच्या खिडक्या. त्या खिडक्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेल्यानं पाणी देत. त्या कोपऱ्याला सेबील म्हणतात आणि तोटीच्या जागेला चेश्मे. सेबील म्हणजे आपल्याकडची मोहरमातली सबील. चेश्मेच्या पोटात फारसीतला चश्म, म्हणजे डोळा, आणि आईच्या नाकावर होता तो चष्माही तिथूनच आलेला. एवढं सांगून झाल्यावर गाइडबाई आमच्याइतक्याच खूश दिसत होत्या. तेच तेच शहर रोज दाखवणाऱ्या माणसालाही नवा प्रश्न लागत असावा.

मग टॅक्सी करून सम्राट वालेन्सच्या कालव्याकडं. ३६८ साली पुरा झालेला, दुमजली कमानींचा, सुमारे २९ मीटर उंच. दोन टेकड्यांमधल्या खोलगटावरून पाणी पलीकडं नेण्यासाठी बांधलेला. आता त्याच्या कमानींखालून सहा-आठ पदरी रस्ता जातो, बसगाड्या जातात, कुणी मान वर करत नाही. रस्त्याच्या कडेच्या बागेत एका बुटक्या भिंतीवर आम्ही बसलो. मला वाटलं आता आकडे येणार. पण त्या म्हणाल्या, "मी विशीत होते तेव्हा या शहरात पाणी नव्हतं."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इस्तंबूलमध्ये पाण्याची भीषण टंचाई होती. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली टँकर यायचा. प्लास्टिकचे कॅन, त्यांच्या भाषेत बिदोन, दोन हातांत दोन. प्रत्येक मजल्याच्या वळणावर ठेवायचे, हात बदलायचे, पुन्हा उचलायचे. त्या उठून उभ्या राहिल्या आणि करून दाखवलं, खांदे कसे खाली ओढले जातात, डावा कॅन कसा नेहमी जड लागतो. तळहात पुढं केला. तिथं आता काही खूण नव्हती, पण बोटं दुमडून त्यांनी दाखवलं, कडी कुठं रुतायची.

आईनं मशिदीत डोक्यावरून घ्यायला आणलेली ओढणी पिशवीतून काढली. तिला पीळ दिला, दोन वेढे घातले, टोक आत खोचलं. चुंबळ तयार झाली. ती तिनं बाईंच्या पांढऱ्या केसांवर ठेवली आणि वर आपला हात असा धरला, जणू हंडा. मग मानेनं दाखवलं, मान ताठ, नजर समोर, खाली बघायचं नाही. "खाली बघितलं की हिंदकळतं," असं मराठीतच सांगितलं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाई चुंबळ डोक्यावर घेऊन त्या बुटक्या भिंतीच्या कडेनं दहा पावलं चालत गेल्या आणि परत आल्या, मान ताठ, एक हात वर. दीड हजार वर्षांहून जुना कालवा त्यांच्या मागं होता. तो फोटो मी काढला नाही, आणि काढला नाही याचं मला बरंच वाटतं.

इथं एक म्हणावंसं वाटतं. माहिती फोनवर मिळते, हे खरं आहे. चांगली मिळते, फुकट मिळते. ऑडिओ यंत्रही वाईट नसतं. पण यंत्र बोलतं, त्याला ऐकू येत नाही. आईनं त्याला विचारलं असतं की पाणी कुठून यायचं, तर त्यानं पुढच्या क्रमांकाचं बटण दाबायला सांगितलं असतं. आणि त्या बाईंनी दाखवलेलं इस्तंबूल हेच खरं इस्तंबूल, असंही मी म्हणणार नाही. ते त्यांचं होतं, बिदोन उचललेल्या मुलीचं. दुसऱ्या गाइडनं दुसरं दाखवलं असतं. शहरातल्या सत्तेबद्दल, आजच्या राजकारणाबद्दल मी दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे विषय बदलला. तोही मला त्यांचा हक्क वाटला. एका माणसाच्या डोळ्यांनी शहर बघायचं तर तो डोळे जिथं मिटतो तेही मान्य करायला हवं. म्हणून तर मी सांगते, गाइड पहिल्या दिवशी घ्यावा, शेवटच्या नव्हे. पुढचे दिवस आपल्याला स्वतःचं काही जोडायला उरतात.

संध्याकाळी सुलेमानिये मशिदीच्या कोपऱ्यावर, वास्तुकार सिनानच्या छोट्याशा कबरीपाशी दिवस संपला. सुलतान सुलेमानसाठी त्यानं मशिदी बांधल्या हे सगळे सांगतात. किर्कचेश्मे, म्हणजे चाळीस कारंज्यांची पाणीयोजना त्यानंच उभारली, हे बाईंनी सांगितलं. निघताना त्यांनी आईचे दोन्ही हात हातांत घेतले. "उद्या मी नसेन. ताक्सिमला जा. लोक तिथं खरेदीला जातात. चौकातून मोठा रस्ता सुरू होतो, तिथंच डाव्या-उजव्या हाताला बघा, एक लहान अष्टकोनी इमारत आहे. काय आहे ते मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी ट्राम, मग कबाताशहून वर जाणारी केबल रेल्वे. ताक्सिमचा चौक माणसांनी फुललेला. ती इमारत शोधायला दहा मिनिटं लागली, इतकी ती दुकानांच्या झगमगाटात हरवली होती. दगडी, बुटकी, आठ कोनी. दर्शनी भिंतीवर चिमण्यांसाठी कोरलेली दगडी घरटी. मी फोनवर शोधलं. माक्सेम, १७३२, सुलतान पहिला महमूद. उत्तरेकडच्या बेलग्राद जंगलातून आणलेलं पाणी इथं येऊन वेगवेगळ्या वस्त्यांना वाटलं जाई. १५२१ साली सर्बियातलं बेलग्राद शहर जिंकल्यावर तिथली माणसं आणून पाण्याच्या वाटा राखायला वसवली, म्हणून जंगलाचं ते नाव. आणि वाटणी म्हणजे ताक्सिम. त्यावरून चौकाचं नाव.

"तक्षीम!" आई एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की शेजारचं जोडपं वळून बघायला लागलं. "अगं, तक्षीम. वतनाच्या कागदांत असायचं. तक्षीमदार. ज्याचा जितका हिस्सा." कितीतरी वर्षं तिनं हा शब्द जुन्या मोडी कागदांवर वाचला होता, आणि इथं तो भुयारी रेल्वेच्या पाटीवर, बसच्या कपाळावर, प्रत्येकाच्या तोंडी होता.

मग तिनं खाली बघायला सुरुवात केली. इमारतीकडं पाठ करून उभी राहिली, रस्त्याचा उतार कुठं जातो ते न्याहाळलं, चार पावलं जाऊन परत आली. "वाटणी इथं झाली म्हणजे जागा उंच. पाणी तिकडं गेलं असणार." तिनं हात केला तो समुद्राच्या बाजूला. मी म्हटलं, आई, उतार गुडघ्याला वाईट, आपण केबल रेल्वेनं खाली जाऊ. तिनं ऐकलं नाही. बाईंनी शिकवल्याप्रमाणं दर थोड्या वेळानं बसत, मध्ये एका टपरीच्या स्टुलावर चहा घेत, आम्ही मोठा रस्ता सोडून बोगाझकेसेनच्या तीव्र उतारानं खाली उतरलो. पाऊण तास लागला असेल. तळाशी ट्रामचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडं तोपहानेचं कारंजं. संगमरवरी, चौकोनी, भिंतींवर फळांनी लगडलेली झाडं आणि फळांच्या परड्या कोरलेल्या. साल तेच, १७३२. त्याच पाण्याच्या वाटेवरचं.

आई तोटीसमोर वाकून दगड बघत बसली. तिथं भांडं ठेवून ठेवून खळगा पडलाय का, ते तिला बघायचं होतं. मी तिचा पाठमोरा फोटो काढून बाईंना पाठवला. लगेच उत्तर आलं. "तोपहाने! पण हे मी सांगितलं नव्हतं. ट्रामनं आलात?"

मी आईला वाचून दाखवलं. ती उठली नाही, खळग्यावरचा हातही काढला नाही.

"सांग त्यांना," म्हणाली, "पाण्यामागनं आलो म्हणावं."